भोकमास्तरांचा पंखा

बसा, एक भानगड सांगतो. भरीव वस्तू कोणीही विकतो हो. पोकळी विकायला अक्कल लागते.

एक कारखाना होता, भाजलेल्या मातीच्या गाळण्यांचा. स्पंज पातळ चिखलात बुडवायचा, पिळायचा, भट्टीत टाकायचा. स्पंज जळून जातो, मागे मातीची जाळी उरते. ओतकामवाले तिच्यातून वितळलेला धातू गाळतात. कचरा आत अडकतो, चांगला धातू पुढं जातो. नियम असा, की गाळणीत शंभरातले पंच्याऐंशी भाग पोकळी पाहिजे. (उरलेले पंधरा भाग पोकळी धरून ठेवायला.)

ही पोकळी मोजणारा तो भोकमास्तर. गाळणीची लांबी-रुंदी-जाडी घ्यायची, काट्यावर ठेवायची, हिशेब मांडायचा. मग वरून पाणी ओतायचं, भोकं एकमेकांत उघडतात की बुजलीत ते बघायचं. काम सरळ, माणूसही सरळ. म्हणूनच बढती नाही.

एकदा साहेबांना घाई झाली. त्यांनी स्पंज पिळणं अर्ध्यावर आणलं. चिखल आतच बसला. मास्तरांच्या मोजणीत पोकळी भरली अठ्ठ्याहत्तर.

"सात भागांसाठी अख्खा माल फेकायचा, मास्तर?"

"भोकं बुजलीत, साहेब. पाणी जात नाही, तिथं धातू काय जाणार?"

"मग पाडा की नवी. नाहीतर तुमच्या जागेवर पाडणारा बसवतो."

मास्तरांच्या घरी दोन पोरी, आणि जागा एकच.

समिती बसली. तिनं चहा घेतला आणि ठरवलं, की भोकाभोकांत लहानमोठं करणं हा अन्याय आहे. मग प्रत्येक गाळणीच्या मधोमध कपाएवढं आरपार भोक पाडलं. मास्तरांनी पुन्हा मोजलं. पंच्याऐंशी, तंतोतंत. पाणी तर ओतायच्या आधीच खाली पोचल्यासारखं. (कचराही तसाच पोचणार, पण त्याची तपासणी नियमात नव्हती.) मास्तरांनी सही ठोकली.

ओतकामवाले बेहद्द खूश. इतकी चपळ गाळणी त्यांच्या बापजन्मात पाहिली नव्हती. त्यांनी त्या धातूचे छताचे पंखे ओतले. कचऱ्यासकट ओतलेला धातू आतून भुसभुशीत होतो. म्हणजे पोकळी तिथंही आली, फक्त ती मोजायला मास्तर नव्हता. त्यातलाच एक पंखा साहेबांनी मास्तरांना हार घालून बक्षीस दिला.

पंखा पोरींच्या खाटेवर टांगला. मास्तरांनी बटणाला चिकटपट्टी लावली.

"पोरी घामानं निथळतायत," बायको म्हणाली, "आणि पंखा काय ओवाळायला ठेवलाय?"

"फिरवायचा नाही."

"का?"

मास्तर खाटेकडं बघत राहिले. "तो धातू माझ्या सहीनं गेलाय."

बायकोनं पोरींची खाट ओढून भिंतीला लावली. मग म्हणाली, "विकून टाका."

"घेणाऱ्याला काय सांगू?"

"सांगा, वारा चांगला येतो."

घेणारा भला माणूस. भाव केला, पंखा उचलला, वर मास्तरांना आशीर्वाद दिला. मास्तरांनी दोनदा तोंड उघडलं, पण कारण सांगायचं तर सही कोणाची तेही सांगावं लागलं असतं. घासाघीस न करता दिला, म्हणून तो माणूस गावभर मास्तरांचं कौतुक करत फिरला.

वारा खरंच चांगला येतो, बरं का. हा तुमचा वरचा कुठून आणलात म्हणालात? जुन्या बाजारातून, स्वस्तात? असू दे, असू दे. बंद नका करू, उकडतंय. फक्त तेवढी खुर्ची भिंतीकडं सरकवून घ्या.