न्यूझीलंडखालचं माझं घर

पिपरी मेघेतल्या आमच्या कॉलनीच्या वेबसाइटवर एक नकाशा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यात माझं घर नव्हतं. त्या जागी न्यूझीलंड होतं.

हे काम समोरच्या काळबांडे भाऊजींचं. कापडाचं दुकान पुतण्याकडे सोपवून ते कॉम्प्युटर क्लासला गेले आणि पोरांच्या शेजारी बसून वेबसाइट करायला शिकले. मी कॉलनीची सचिव. टँकर कुठल्या गल्लीत आला, घंटागाडी कुठे पोचली, हे लोकांना दिसावं म्हणून नकाशा मीच त्यांच्या गळ्यात घातला. काम सोपं होतं. पण नकाशाच्या बाहेर कोणी राहिलेलं भाऊजींना सहन होत नाही.

"त्याले डब्यात घ्या," हे त्यांचं पालुपद. लांबचं ठिकाण मावत नसलं की कोपऱ्यात चौकट करून त्यात ते दाखवायचं. या चौकटीला ते डबा म्हणतात. पहिला डबा नाचणगावचा, कारण ती त्यांची सासुरवाडी. दुसरा जामचा, कारण हैदराबादची गाडी पकडायला आम्ही तिथे जातो. मग कोणाची मुलगी पुण्याला, कोणाचा जावई बंगलोरला.

"जागा नाई म्हणून ते लोकं कॉलनीचे नाई काय, वहिनी?"

होता होता मधे कॉलनी पोळपाटाएवढी उरली. एकदा टँकरवाल्याचा फोन आला, "मॅडम, मी बंगलोरच्या मागं उभा आहो. दिसून राह्यलो काय?"

हे वेड नकाशापुरतं नव्हतं. एका लग्नात पंगत भरली होती, तर भाऊजी स्टूल ओढून कोपऱ्यात बसले आणि वाढप्याला म्हणाले, "मी पंगतीतच आहो. फक्त डब्यात आहो." वाढप्याने त्यांना शेवटपर्यंत वरण वाढलं नाही.

अखेर समितीने सगळे डबे काढायला लावले. भाऊजींनी मुकाट्याने काढले. नाचणगाव गेलं तेव्हा शांताताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, दोन दिवस बोलल्या नाहीत. फक्त न्यूझीलंड राहिलं. बाकीचे डबे कोपऱ्यात असायचे. हा जमिनीला खिळलेला. नकाशा कसाही सरकवा, भाऊजींच्या फाटकासमोरून, म्हणजे माझ्या घरावरून, तो हलत नसे. सिलिंडरवाला नवीन होता. "तुमच्या घराच्या जागी भलताच रोड दाखवते," म्हणून दोनदा परत गेला. समितीने ठरवलं, रविवारपर्यंत हा डबा निघाला नाही तर नकाशा भाऊजींकडून काढून घ्यायचा.

मी गेले.

"भाऊजी, डबा काढा. नाहीतर नकाशा जाईल तुमच्या हातचा."

"जाऊ द्या."

"मग कोपऱ्यात तरी सरकवा."

"कोपऱ्यात नाई जमत."

"काऊन?"

शांताताईंनी चहा ठेवला. "सांगा ना आता. मले तं रोज सांगता."

भाऊजींनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. डब्यात देश नव्हताच. न्यूझीलंडला राहणाऱ्या त्यांच्या मुलीची, मृणालची, एक गल्ली होती. माप आमच्या कॉलनीचंच. उत्तर दिशा मात्र चक्क फिरवलेली. तिचं दार बरोबर यांच्या फाटकासमोर आलं होतं. मधे फक्त आमचा रस्ता.

"उत्तर अशी फिरवतात का भाऊजी?"

"नाई फिरवत," ते म्हणाले. "मालूम आहे."

"सुट्टी नाई भेटत म्हणते पोरगी," शांताताई म्हणाल्या. "तं हे फोनवर काय म्हणते? नको येऊ, आराम कर. अन् फोन ठेवला का इथं बसते, डबा उघडून."

भाऊजी चष्मा पुसत राहिले. मी कामाचं बोलले.

"ती राहू दे माझ्या घरावर. पण माझं फाटक मोकळं करा. सिलिंडरवाला तिसऱ्यांदा परत जायला नको."

त्यांनी बराच विचार केला. मग चष्मा न लावताच डब्याची एक बाजू कापायला घेतली. आधी मृणालच्या शेजाऱ्याचं गॅरेज उडालं. मग तिच्या अंगणातलं एक झाड.

"शेजारी रागावतील तिचे," मी म्हटलं.

"ते कुठं येऊन राह्यले पाहाले," शांताताई म्हणाल्या.

हळूहळू माझं फाटक वर आलं. भाऊजींनी चष्मा लावला, पण स्क्रीनकडे बघायच्या आधी मलाच विचारलं, "दार नाई ना कापलं गेलं तिचं?"

"नाही," मी म्हटलं. "उघडंच आहे."