रविवारी चारला रुसणारं कार्ड

"ज्यानं चाळीस वर्षं नखाएवढ्या घड्याळांत जीव फुंकला, त्याला हा खोका नाचवणार?" बाबांनी बाह्या सरसावल्या आणि कॉम्प्युटरची पाठ उघडली.

खोक्यातलं वायफायचं कार्ड भलतंच नाटकी! सोमवार ते शनिवार गुणी बाळ. रविवारी चारला लांब राहणाऱ्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला, की हटकून मान टाकायचं. गेले तीन रविवार लेक "आई, बाबा, मी…" एवढं म्हणायची आणि तोंड उघडं ठेवून थिजायची. फोनवर विचारलं तर म्हणे, "नाही! तुमचे चेहरे बघतच सांगणार!"

"नोकरी गेली असेल तिची," आईनं सुस्कारा टाकला.

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

"मग जावयाची गेली असेल!"

बाबांनी आठवडाभर त्या कार्डाची अशी सेवा केली, की सासऱ्यांचीही कधी केली नव्हती. बाहेर काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, दुसऱ्या खाचेत बसवलं, मागच्या दोन्ही अँटेना आवळल्या. शनिवारी चाचणी म्हणून मासेमारीचा दोन तासांचा कार्यक्रम पाहिला. एकदाही अडकला नाही!

"आता येऊ दे रविवार!"

रविवार आला. चारला दहा कमी असताना आईनं केस विंचरले आणि मागचं लोखंडी कपाट सताड उघडलं. नळ गळून भिंतीला ओल आली होती, पोपडे सुटले होते. लेकीनं पाहिलं तर तिला झोप लागणार नाही, म्हणून कपाटाचं एक दार त्या ओलीवर टेकायचं. दुसरं मात्र आपसूक बाहेरच्या खोलीच्या वाटेत आडवं यायचं. बाबांना वाटायचं, ही कपाटाला हवा देते.

चार वाजले. लेक हसली. "आई, बाबा, मी…"

थिजली!

"मेल्या, एवढे दात घासले तुझे!" बाबा कार्डावर ओरडले. "अगं, माझं भिंग आण! बाहेर वायफायच्या डब्याजवळ आहे!"

आई लगबगीनं उठली. जायला वाट हवी म्हणून तिनं आडवं आलेलं दार लोटलं.

"…ऐकू येतंय का?" लेक बोलली!

आई दचकली. हात सुटला, दार पुन्हा आडवं.

लेक गप्प.

आईनं दार लोटलं. "हॅलो?" सोडलं. गप्प! आईचा चेहरा पडला. चारही रविवार लेकीचं तोंड तिनंच बंद केलं होतं.

"काय गं, भिंग मिळालं?"

"भिंग नको," आई पुटपुटली. "ते कार्ड बिचारं निर्दोष आहे." आणि तिनं ते दार घट्ट लावलं. मग थांबली. ज्या कपाटानं गुन्हा केला, ते अर्धं कशाला उघडं ठेवा? तिनं दुसरंही लावलं. ओल उघडी पडली, नकाशाएवढी.

"अगंबाई, भिंत!" लेक म्हणाली.

"नळ दुरुस्त झालाय गं, आता रंग काढायचाय. तू काळजी करू नकोस. आधी सांग, काय झालं? नोकरी?"

"नोकरी मजेत आहे. आई, तुम्ही अडकायचात ना, तेव्हा माझ्याकडे चित्र तसंच थांबायचं. मागं उघडं कपाट. त्यात वरच्या खणात माझ्या बारशाचा पिवळा फ्रॉक. अजून ठेवलायस?"

"ठेवलाय गं. आहे एका कोपऱ्यात." आई ओशाळली.

"नीट धुऊन ठेव. थंडी संपली की लागणार आहे."

आईनं पदर तोंडाला लावला. डोळे भरले. पडद्यावर लेकही रडत हसत होती, आणि कार्ड एकदाही अडकलं नाही.

बाबांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून फार मायेनं म्हणाले,

"धुईल गं ती. पण बाळा, तो आता तुला कसा बसेल?"