अभिप्रायाला पुरवणी जोडणारे गावस सर

शिक्षकांच्या प्रशिक्षणात शेवटी एक अभिप्रायाचा कागद देतात. त्यावर चार चौकोन असतात. उत्तम, चांगले, बरे, सुधारणा हवी. जगातले सगळे शिक्षक 'उत्तम'वर टिक करतात, प्रमाणपत्र घेतात आणि बस पकडायला पळतात. आमचे गावस सर मात्र तो कागद घेऊन बसतात, चष्मा पुसतात आणि खिशातून दोरा काढतात. पांढरा दोरा. परीक्षेत पुरवणी बांधायला देतात ना, तोच. कारण कागदावर 'सूचना' असं छापून खाली दीड ओळ जागा सोडलेली असते, आणि सरांची सूचना चार पानांच्या आत कधी संपत नाही.

"दीड ओळ!" ते म्हणतात. "दीड ओळीत माका रजेचो अर्जय लिवक येना नाय. शिक्षण खय सुधारू?"

सर गोव्यातल्या हळर्णचे. पेडण्यातल्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवतात, मी चित्रकला. चित्रकला म्हणजे दुसऱ्यांचे मोकळे तास सांभाळायचे आणि उरलेल्या वेळात स्टाफरूममध्ये नकला करायच्या. हेडमास्तर, शिपाई, खात्याचे साहेब, सगळे येतात मला. गावस सर तर एकदम सोपे. उजवा हात वर, मान जरा तिरकी, आणि म्हणायचं, "बरां. पण जावया वर्गात?"

म्हणजे, जाऊ या का वर्गात? हे त्यांचं पालुपद. कोणी डिजिटल फळ्याचं कौतुक केलं की, "बरां. जावया वर्गात? थंय सकाळपासून लायट नाय." कोणी आनंददायी शिक्षण म्हणून आम्हाला गोल बसवून टाळ्या वाजवायला लावल्या की, "बरां. जावया वर्गात? थंय गोल बसाक जागा खय आसा?" पुतण्याच्या लग्नात एका पाहुण्याने माइक धरून 'संसार म्हणजे समजूतदारपणा' असं सुरू केलं, तर सर जेवणाच्या पंक्तीतून ओरडले, "बरां. जावया रांदचे कुडीत?" स्वयंपाकघराचं नाव ऐकून पाहुण्याची बायको एवढी हसली की तिला ठसका लागला.

तर यंदा पणजीत दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. विषय होता, आफ्रिकेतल्या लोकांचा इतिहास शाळेत कसा शिकवावा. आठवीला तो धडा आहे. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून माणसं धरून आणली, गोव्यात विकली, घराघरांत राबवली. त्या माणसांना आमच्याकडे खाप्री म्हणायचे. माणसं गेली, शब्द राहिला. अजून कोणी जरा काळा दिसला की 'खाप्रो'. आई लाडाने म्हणते, शेजारी चिडवायला म्हणतात, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. इतिहासाचे म्हणून सर गेले, आणि हेडमास्तरांना माझी दोन दिवस शाळेत कटकट नको होती म्हणून मी गेलो.

एसी हॉल, कापडी पिशवी, पिशवीत न उमटणारं पेन. बाहेरून आलेल्या मॅडम स्लाइडवर लिहिलेलं आम्हाला वाचून दाखवत होत्या, जणू आम्ही चाळीस जण निरक्षर होतो. 'शिक्षकाने संवेदनशील असावे.' पुढची स्लाइड, 'संवेदनशीलतेचे टप्पे.' पुढची स्लाइड, चहा.

सरांचा हात वर. "मॅडम, माझ्या आठवीत एक चेडू आसा. बापूस आफ्रिकेतलो, आवय आमची पेडण्याची. पोरां तिका खाप्री म्हणतत. सोमवारी माका ह्यो धडो घेवचो आसा, तेव्हा ती तिसऱ्या बाकार बसलेली आसतली. मी कोणाच्या तोंडाकडे बघान बोलू?"

असला सरळ प्रश्न प्रशिक्षणात कोण विचारतं?

"फारच छान मुद्दा," मॅडम म्हणाल्या. "प्रश्न आपण शेवटी घेऊ."

शेवट दुसऱ्या दिवशी होता. त्याआधी 'गटकार्य' आलं. आमच्या गटाच्या वाट्याला 'गुलामांचा बाजार: नाट्यीकरण' आलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नकलाकार ना मी! प्रमाणपत्रांवर शिक्के मारायला काळ्या शाईचा पॅड ठेवला होता. मी तो तोंडाला फासला, डोळे मोठे केले, ओठ पुढे काढले आणि स्टेजवर हात बांधून वाकत वाकत आलो. हॉल फुटला. मॅडमसुद्धा हसल्या. कोणीतरी फोन वर धरला.

गावस सर उठले. पाण्याच्या बाटलीतून रुमाल भिजवला, स्टेजवर चढले आणि चाळीस शिक्षकांसमोर माझं तोंड पुसायला लागले. शिक्क्याची शाई ती, निघते कसली? कानापर्यंत पसरली. ते पुसतच राहिले. रुमाल काळा झाला, माझा गाल सोलला.

"सर, नाटक आहे ते," मॅडम म्हणाल्या.

"नाटक संपला की ह्यो ह्याच तोंडान वर्गात जातलो!" सर गरजले. "आनी तुमी हसतात? संवेदनशील म्हणान दोन दीस फळ्यार लिवलात, आनी हसतात? त्या चेडवाचो बापूस हंय मागच्या खुर्चेर बसलेलो आसतो तर हसलात असतात?"

एकाने घड्याळाकडे बघितलं, आणि लगेच सगळ्यांनीच बघितलं.

शेवटची दहा मिनिटं बॅनरखाली फोटो काढण्यात गेली. सरांचा प्रश्न तिथेच राहिला. अभिप्रायाचे कागद वाटले. सर लिहायला बसले, दोरा काढला. हॉलचा माणूस पंखे बंद करू लागला.

"सर, नुसती टिक करा हो," प्रमाणपत्रं वाटणारा म्हणाला. "कागद दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही."

"खयच्या चौकोनात करू? 'उत्तर दिल्यानी नाय' असो चौकोन खय आसा?"

"वर पाठवू आम्ही."

"वर कोण आसा? त्येका हंय बोलव."

प्रमाणपत्र न घेता ते पायऱ्या उतरले. मी माझं घेतलं. सर्व्हिसबुकात चढवायला लागतं ना! पण पिशवीत टाकताना लाज वाटली, हे खरं.

स्टँडवर पेडण्याच्या दोन बस रिकाम्या उभ्या होत्या. सरांनी दोन्ही सोडल्या. "मागसून येता ती बरी," म्हणाले. मागची आली ती भरलेली. आम्ही मागे दांड्याला धरून उभे राहिलो. माझ्या काळ्या कानाकडे बायका बघत होत्या.

कंडक्टर दर थांब्यावर ओरडायचा, "खाप्र्या, सोड रे!" आणि बस सुटायची. प्रत्येक वेळी सर डोळे मिटायचे. मला वाटलं, त्यांना गाडी लागते.

"सर, खिडकीकडे या."

"ड्रायव्हराचा नाव उल्हास," ते म्हणाले. "ह्याचीच गाडी म्हणान पयल्यो दोन सोडलंय. माझोच विद्यार्थी. आठवीक होतो तेव्हा. ह्योच धडो शिकवत होतंय. गुलाम दिसत कसे ता पोरांक कळाचा म्हणान मी पयल्या बाकार बोट दाखवलंय. 'ह्यो आमचो उल्हास, तसो,' म्हटलंय. वर्ग हसान हसान लोळलो. माका वाटला, आज तास बरो झालो."

कोलवाळचा पूल आला. बस संथ झाली.

"दुसऱ्या दिसापासून खाप्रो. नववीक येवचो बंद झालो. आता ताच्या सासुरवाडीतसुद्धा ताच नाव. म्हणान मी हरएक प्रशिक्षणाक जातंय रे. वाटता, कोणतरी सांगात. हे मेले चाय पाजून घराक धाडतत."

मी म्हटलं, "त्यालाच विचारलंत कधी?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ते गृहपाठ न केलेला मुलगा आहेत आणि मी हेडमास्तर.

पेडण्याला बस रिकामी झाली. सर मागच्या दाराने उतरले, पुढे गेले आणि ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले. उल्हास पस्तिशीचा असेल. मान काढून हसला.

"काय सर, पणजीक गेल्लात?"

"उल्हास," सर म्हणाले. चाळीस शिक्षकांसमोर गरजणारा माणूस दाराची कडी चाचपत होता. "सोमवारी तो धडो आसा. वर्गात तुझ्यासारखांच एक चेडू आसा. मी काय सांगू?"

उल्हासने इंजिन बंद केलं. कंडक्टर काहीतरी ओरडला. त्याने तिकडे बघितलं नाही.

"सर," तो म्हणाला, "त्या दिसा पोरां मागसून हसली. पयले तुमी हसलात."

"व्हय."

"सोमवारी हसू नका. पोरां पयली तुमच्या तोंडाकडेच बघतत."

सर दाराला धरून उभेच राहिले. उल्हासने वरून हात खाली केला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.