भुशावरचं गुलमर्ग

आमच्या अर्जुनी मोरगावात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो: रसवंतीवर आणि मासळीच्या पेटीत. असं असूनही माझे शेजारी बोरकर भाऊ भर एप्रिलमध्ये डोक्यावर हेल्मेट, हातात लोकरी मोजे आणि पायाला साडेचार फुटांची फळी बांधून राईस मिलच्या मागच्या भुशाच्या ढिगावर चढायचे आणि घसरत खाली यायचे. म्हणजे निम्म्यापर्यंत घसरत आणि उरलेलं गडगडत. धानाचा भुसा अंगाला किती खाजतो हे ज्याला माहीत आहे, त्यालाच या माणसाची निष्ठा कळेल. मिलचे हमाल पोती खाली ठेवून बघत बसत. एकानं मला विचारलंही, "सर, ह्याहीले घरी काही तरास हाय का?"

त्रास होता. पण हमालाला काय सांगणार? मी म्हटलं, स्नोबोर्डिंग आहे ते. त्यानं मान हलवली, जणू त्या रोगाचं नाव त्यानं ऐकलेलं होतं.

मी इथल्या शाळेत गणित शिकवतो, आणि उत्साही माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. बोरकर भाऊ पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. पन्नाशीचे, पोट पुढे, पाय काटकुळे. तलावाचं पाणी वरून खाली नेण्यात नोकरी गेली, आता स्वतःच वरून खाली जायचं वेड. सरावासाठी फळी त्यांनी इथल्याच सुताराकडून करून घेतली. लांब फळी, टोकं वर वळलेली, एवढंच त्याला सांगितलं. सुताराला वाटलं, धानाच्या रोवणीच्या आधी बांधीतला, म्हणजे शेतातला, चिखल सपाट करायला बैलांमागं ओढतात, ती पाहिजे. त्यानं इमानदारीत पुढच्या टोकाला दोर बांधायच्या दोन लोखंडी कड्या ठोकून दिल्या. भाऊंनी त्या काढल्या नाहीत. "राहू द्या, सर. कामी येते." आणि आल्या. गडगडून झालं की दोर लावून फळी पुन्हा वर ओढून न्यायला बऱ्या पडत.

त्यांचं एक पालुपद होतं: "पाहाल तिकडं जाल." गुलमर्गच्या उस्तादानं त्यांना शिकवलेला हा पहिला धडा. फळीवर उभं राहिलं की पायाकडं पाहायचं नाही, नजर जिथं, तिथं अंग जातं. भाऊंनी तो धडा बर्फापुरता ठेवला नाही. सायकल शिकणाऱ्या पोरींना, एसटीच्या ड्रायव्हरला, बांधावरून घसरलेल्या तहसीलदारांनाही तो ऐकवला. मुख्याध्यापकपद माझ्या हातून गेलं तेव्हा मला म्हणाले, "तुमी खालीच पाहून राहिले ना, सर." महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

हे सगळं सुरू झालं त्यांच्या मुलीमुळे. प्रज्ञा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिला सिकलसेल, जन्मापासूनचा रक्ताचा आजार. आमच्या भागात हे नाव शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. कधी हातपाय असे दुखायला लागत की बोरकर वहिनी तिला कुशीत धरून दिवस दिवस बसून राहत. बरं वाटलं की ती मोबाइल घेऊन अंगणात बसायची. त्यावरच एका व्हिडिओत तिनं एक मुलगी पाहिली, दोन्ही पाय एका फळीवर बांधून अख्खा डोंगर उतरणारी. मग तिला दुसरं काही सुचेना. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, थंडी आणि उंची, या दोन गोष्टी हिला आयुष्यभर नकोत.

दवाखान्यातून परत आल्यावर ती फाटकाशीच थांबली आणि भाऊंना म्हणाली, "बाबा, तुमीच जा. वरून खालपर्यंत एकदाबी न पडता उतरा आनि मले व्हिडिओ दाखवा. थो उतार माझा. मंग माझं गुलमर्ग झालं." मी तेव्हा माझ्या फाटकाशी होतो, म्हणून मला शब्द न शब्द आठवतो.

पुढं दर फेब्रुवारीत बोरकर भाऊ रजा टाकून गुलमर्गला जाऊ लागले. पहिल्या वर्षी तीन दिवसांचा प्रवास करून पहिल्या दहा मिनिटांत मनगट मोडून घेतलं, आणि प्लास्टर घालूनच उतार उतरले. दुसऱ्या वर्षी फोटो काढत उभ्या असलेल्या एका नवपरिणीत जोडप्यात घुसले. जोडपं निघालं आमच्या जवळच्या साकोलीचं. तिघंही बर्फात पडल्या पडल्या एकमेकांचे नातेवाईक शोधत बसले, आणि नवरीची मावशी अर्जुनीत दिलेली निघाली. तिसऱ्या वर्षी माकडहाड दुखावलं. दोन आठवडे ते कालव्याची पाहणी मोटरसायकलवर उभं राहून करत होते.

ते आले की त्यांच्या अंगणात व्हिडिओ पाहायचा कार्यक्रम असे. उस्तादानं भाऊंच्याच फोनवर काढलेला. प्रज्ञा शाल पांघरून उन्हात बसे, वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी. प्रज्ञा मोठ्यानं मोजायची. पहिल्या वर्षी अकरा वेळा पडले, मग सात, मग तीन. प्रत्येक पडण्याला ती इतकी हसायची की वहिनी तिला दम घ्यायला लावत. शेवटी तिचं ठरलेलं वाक्य: "पुढच्या साली होते, बाबा." आणि भाऊ भुशाच्या ढिगाकडं चालू लागत.

चौथ्या वर्षी ती दोन आठवडे दवाखान्यात होती. घरी आली नि चौथ्या दिवशी भाऊ बॅग घेऊन निघाले. मला राहवलं नाही. मी रस्त्यात अडवून म्हटलं, "पोरगी अशी पडलेली, आणि तुम्हाला घसरगुंडी सुचते? बाप आहात की कोण आहात?"

"तीच पाठवून राहिली, सर," ते म्हणाले आणि बस पकडायला गेले. मला ते खरं वाटलं नाही. वहिनींसमोरही मी नको ते बोललो. त्याची आज लाज वाटते.

त्या वर्षी भाऊ एकदाच पडले, अगदी तळाशी येऊन. प्रज्ञानं व्हिडिओ थांबवून मला दाखवला. "हे पाहा, सर. पडाच्या आधी बाबा इकडं पाहते, फोनकडं."

"म्हणूनच पडतात ते," मी म्हटलं.

"होय, सर," ती म्हणाली, आणि हसत पाणी प्यायली.

त्याच पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत प्रज्ञा गेली.

भाऊ पंधरा दिवसांनी कामावर रुजू झाले. फळी भिंतीला टेकून उभी राहिली, कड्या गंजल्या. पालुपद बंद झालं. ज्या उत्साहाचा मला कंटाळा होता, तो गेल्यावर आमची गल्ली मला खायला उठली. फेब्रुवारी आला, पण कुणी बॅग भरली नाही.

एका रविवारी सकाळी भाऊ माझ्याकडं फोन घेऊन आले. फोन भरला होता. जुने व्हिडिओ माझ्या कम्प्युटरवर ठेवून द्यायचे होते. मी ते एकेक पाहत उतरवत होतो. त्यातला एक मी कधी पाहिलेला नव्हता. तिसऱ्या वर्षीचा. बोरकर भाऊ वरून निघतात, फळीच्या टाचेकडच्या कडेवर वळतात, बोटांकडच्या कडेवर वळतात, आणि सरळ तळाशी येऊन उभे राहतात. एकदाही पडत नाहीत. एकदाही फोनकडं पाहत नाहीत.

"भाऊ, हा तुम्ही तिला दाखवला नाही?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "पहिले दोन साल मी खरंच पडलो, सर. मंग जमलं. थ्या दिवशी लय आनंद झाला. आनि मंग भेव वाटलं. हे पाहिलं का तिचं गुलमर्ग झालं. पुढच्या साली तिनं कशाची वाट पाहाची? मंग पुना वर गेलो, आनि पडत पडत आलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मले वाटलं, दाखवू सावकाश. तिचा उतार माझ्याचजवळ राहून गेला, सर. मी तिले फसवलं."

मी चौथ्या वर्षीचा व्हिडिओ लावला आणि तिनं थांबवला होता तिथंच थांबवला. तळ आलेला, तोल पक्का, आणि भाऊंची नजर फोनकडं. तिनं मला नेमकं काय दाखवलं होतं, ते गणित शिकवणाऱ्या माणसाला आत्ता कळलं.

"तुम्ही मुद्दाम पडता, हे तिला माहीत होतं, भाऊ," मी म्हटलं, आणि ती काय बोलली होती ते सांगितलं.

त्यांनी वाकून स्क्रीनवरच्या स्वतःकडं पाहिलं.

"माहीत होतं, तरी हासून राहिली होती?"

"हसत होती," मी म्हटलं. "आणि तुम्हाला सांगितलं नाही."