मेव्हण्याचे चौदा दिवस

परराज्यातल्या शिकाऱ्यांचे नियम अख्ख्या मोंटानात आपल्याइतके कुणाला पाठ नाहीत, असं ऑरिन छातीठोकपणे सांगायचा. साथ आल्यापासून शिकार खात्याचा फोन त्याच्याच गळ्यात पडला होता. दिवसभर एकच पाढा! "आधी चौदा दिवस एका घरात गप बसायचं, मग बंदूक उचलायची. कुणाच्या घरात? कुणाच्याही बसा हो!" बोलून बोलून बिचाऱ्याचा जबडा दुखायला लागला. आशा एकच, मोसमाच्या शेवटच्या आठवड्याची रजा. तीन वर्षं हुलकावणी देणारा तो वाकड्या शेपटीचा रानटर्की या खेपेला तो टिपणार म्हणजे टिपणारच होता!

आणि मे महिन्यात एका दुपारी दारात गाडी थांबली. मिनेसोटाहून त्याचा मेव्हणा व्हर्लिन आला होता, बंदूक आणि बिअरच्या पेट्यांसकट.

"दाजी, चौदा दिवस बसायला आलो!"

"इथे कशाला?"

"तुम्हीच तर फोनवर म्हणालात, कुणाच्याही घरात बसा!"

"तो तू होतास?"

"आवाज ओळखला नाहीत होय? मला वाटलं, आग्रहच करताय!"

तोवर ऑरिनच्या बायकोने, मार्लिसने, भावाला कडकडून मिठी मारलीसुद्धा. ऑरिनने हताशपणे साहेबांना फोन लावला.

"मग आता तूही घरातच बस," साहेब म्हणाले. "नियम तुला मी सांगायचा का?"

झालं! रजा घरातच जिरणार होती. सुटका होणार ती थेट मोसमाच्या शेवटच्या दिवशी.

व्हर्लिन तर एका जागी बसणाऱ्यातला नव्हेच. टर्कीच्या मादीचा आवाज काढणारी एक लाकडी डबी त्याच्याकडे होती. खिडकीशी बसून तो ती दिवसभर घासायचा. ऑरिनचं डोकं उठलं. आणि एका सकाळी अंगणात कोण यावं? वाकडी शेपटी!

"दाजी, हाणा!"

"एक तर आपण कोंडलेले, त्यात गावात गोळी झाडायला बंदी."

"कुणाला कळतंय?"

"तक्रार आली तर फोन मलाच उचलायचाय!"

टर्की रोज यायला लागला. मार्लिस त्याला मका टाकायला लागली. ऑरिन काचेला नाक लावून नुसता बघत राही. त्याला खरोखर रडू यायचं.

सुटकेच्या पहाटे तो कुणाला न सांगता रानात गेला. स्वतःची डबी घासली. झाडीपलीकडून उत्तर आलं! मादी तिथे म्हणजे नरही तिथेच. चिखलातून पोटावर सरपटत, धापा टाकत तो झुडपापाशी पोचला. हलकेच फांदी बाजूला केली.

पलीकडे चिखलात व्हर्लिन पालथा पडला होता.

"दाजी, तुम्ही? मघापासून किती गोड बोलत होतात!"

संध्याकाळी दोघं हात हलवत घरी परतले तेव्हा मार्लिस पायरीवर बसली होती आणि वाकडी शेपटी तिच्या पायाशी मका टिपत होती.

"तुमची पाठ फिरली नि हा आला बघा," ती म्हणाली.

ऑरिन चिखलासकट तिच्याशेजारी बसला. मोसम संपला होता. "जाऊ दे," तो व्हर्लिनला म्हणाला. "निदान तू तरी आज निघशील."

तेवढ्यात व्हर्लिनचा फोन वाजला. त्याच्या बायकोचा आवाज अंगणभर ऐकू आला, "भलत्या राज्यात हिंडून थेट घरात शिरायचं नाही! आधी चौदा दिवस गप बसून काढायचे. कुणाच्याही घरात बसा!"

व्हर्लिनने ऑरिनकडे पाहिलं. "दाजी, नियम असा आहे की..."

"माहीत आहे रे बाबा," ऑरिन म्हणाला. "मीच सांगतो तो."