हौद्यात काही नाही

पिकअप घराबाहेर उभी होती.

हे वाक्य रद्द. पिकअप घराबाहेर बसली होती. शेपूट जमिनीला टेकायला आलेलं, नाक वर, आणि मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये खच्चून भरलेली लोखंडी वजनं. संध्याकाळी हेडलाइट लावले की उजेड रस्त्यावर न पडता थेट समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाई, आणि तिथल्या काकू खिडकीत येऊन ओरडत, “अहो ग्रॅम, आम्ही जेवतोय!”

त्याला सगळे ग्रॅमच म्हणत. ट्रक तोलणारे मोठे वजनकाटे खरं बोलतात की खोटं, हे खात्रीची वजनं ठेवून तपासायचं, हा त्याचा धंदा. बायको गाडी चालवी आणि दाखला लिही. तो शंका घेई आणि सही करी.

शुक्रवारी खडीच्या खाणीतला काटा तपासायचा होता. खाणीच्या मॅनेजरबाईंनी बजावलं होतं की सगळी वजनं एकाच फेरीत आणा, नाहीतर काम तुमच्या मेहुण्याला देऊ. मेहुण्याने नुकताच क्रेनवाला ट्रक घेतला होता. धंदा त्याला ग्रॅमनेच शिकवला होता.

“काम गेलं तर जाऊ दे,” बायको म्हणाली. “पण माझ्या भावाकडे गेलं, तर तो दर रविवारी आपल्याकडे जेवायला येऊन त्याची गोष्ट सांगेल. मी ती ऐकणार नाही. शुक्रवारी ही गाडी खाणीत पोचणार.”

“पोचणार,” ग्रॅम म्हणाला.

लग्नानंतर त्या दोघांचं इतकं एकमत क्वचितच झालं होतं.

गाड्यांचे कमानपाटे दुरुस्त करणाऱ्या पाटेवाल्याच्या दुकानात कमानी भिंतीला टेकून उभ्या होत्या. पाटेवाला पिकअपखाली शिरला. संभाषण त्याच्या चपलांशी झालं.

“ट्रेलरमध्ये किती माल?” चपलांनी विचारलं.

ग्रॅमने सांगितलं. शेवटच्या ग्रॅमपर्यंत.

“आणि गाडीच्या मागच्या हौद्यात?”

“काही नाही.”

“ताडपत्री बांधलीय ना वर?”

“त्याखालचं रद्द आहे.”

चपला जरा हलल्या. “भाऊ, एकदा गाडी काट्यावर तोलून आणा. मग ठरवू, पाटा वाढवायचा, हवेचे फुगे बसवायचे की स्प्रिंग टाकायच्या.”

ग्रॅम दुखावला. “कुठल्या काट्यावर? बाजारातला ओला झाला की खोटं बोलतो. नाक्यावरच्याला मीच नापास केलाय. मला पटेल असा एकही काटा इथे नाही. आपण अंदाजाने जाऊ.”

“जन्मभर लोकांना अंदाजाने जाऊ नका म्हणून सांगणारा माणूस,” बायको भिंतीवरच्या कमानींना म्हणाली.

पाटा वाढवला. शेपूट किंचित उचललं. काकू अजून उजेडातच जेवत होत्या.

मग मागच्या चाकांवर हवेचे फुगे आले. शेपूट आणखी उचललं. ट्रेलर सोडून दोघांनी एक चक्कर मारली.

“तुम्हाला नाही का वाटत, हे जरा क—”

गतिरोधक.

“—डक झालंय?”

“अजिबात ना—”

खड्डा.

“—ही.”

घरी मेहुणा येऊन बसला होता. “दाजी, फुगे म्हणजे नुसतं नाटक. जाड स्प्रिंग टाका,” तो म्हणाला. इथपर्यंत ठीक होतं. पण मग तो हसला. “नाहीतर माझा ट्रक न्या की! घरचाच आहे.”

दुसऱ्या दिवशी स्प्रिंगही बसल्या. सगळ्यात जाड.

शुक्रवार, पहाटे. हेडलाइट लावले. ट्रेलर जोडूनही गाडी सपाट. काकूंनी सवयीने डोळ्यांवर हात धरला, मग बोटांतून पाहिलं. “आज नाही का येणार आमच्याकडे?”

ट्रेलर खाणीत एका फेरीत पोचला. लोडरने वजनं काट्यावर ठेवली, ग्रॅमने प्रत्येक कोपरा तपासला, उन्हात दोनदा, सावलीत एकदा. काटा खरा निघाला. इतका खरा काटा त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तो हळवा झाला. बायकोने दाखला लिहिला, त्याने सही केली.

“आता मनासारखा काटा मिळालाय,” बायको म्हणाली, आणि तो काही बोलायच्या आत तिने ट्रेलर सोडून नुसती पिकअप वर चढवली.

आकडा आला. ग्रॅमने चष्मा पुसला. आकडा तोच.

“काटा चुकलाय.”

बायकोने दाखला त्याच्यासमोर धरला. “सही अजून वाळली नाही तुमची.”

“रिकामी पिकअप एवढी भरेल?”

“रिकामी आहे का ती?” मॅनेजरबाईंनी ताडपत्रीची दोरी सोडली.

खाली वजनं होती. ट्रेलरमधल्यासारखीच, फक्त प्रत्येकावर लाल रंगात ‘रद्द’.

“ही झिजलीत,” ग्रॅम म्हणाला. “विकली तर कुणीतरी यांनी माल तोलून लोकांना फसवेल. घरात ठेवली तर मला झोप लागत नाही. म्हणून सोबत असतात. पण ही वजनं नाहीत, बाई. ही रद्द आहेत. धरायची नाहीत.”

“तुम्ही नाही धरलीत,” बायको म्हणाली. “गाडीने धरली. पाट्याने धरली, फुग्यांनी धरली, स्प्रिंगांनी धरली. समोरच्या काकूंनी सुद्धा धरली हो!”

ग्रॅमने हौद्याकडे पाहिलं. मग त्याने बाह्या सरसावल्या. “उतरवा. सगळी. इथल्या भंगारात वितळवायला द्या.”

उतरवली. खरी वजनं ट्रेलरमध्ये गेली, ट्रेलर जोडला, आणि पिकअपने शेपूट आभाळात नेलं. नाक खाली. ट्रेलरचं तोंडही कडीबरोबर वर उचललं गेलं. हेडलाइट स्वतःच्याच चाकांपुढची धूळ न्याहाळू लागले.

ग्रॅमने पाटेवाल्याला फोन लावला.

“फुग्यांतली हवा सोडा,” पाटेवाला म्हणाला.

सोडली. शेपूट जरा विचारात पडलं, पण उतरलं नाही.

“मग पाटा आणि स्प्रिंग काढाव्या लागतील. आजच्या आज घरी यायचंय?”

“यायचंय.”

“तर हौद्यात वजन टाका.”

फोन बंद झाला. कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

“खडी देऊ का?” मॅनेजरबाई म्हणाल्या. “आमच्याकडे तीच आहे.”

“खडी?” ग्रॅम म्हणाला. “न तोललेली?”

तो उतरवलेल्या रद्द वजनांच्या ढिगाकडे चालत गेला. पहिलं वजन उचललं, काट्यावर ठेवलं, आकडा मोठ्याने वाचला, मग हौद्यात. मग दुसरं. बायको वाकून शेपटाकडे पाहत होती. “अजून… अजून… अजून थोडं…” सगळी परत चढली, तेव्हा ती म्हणाली, “बास.”

तेवढ्यात मेहुण्याचा फोन. “दाजी, अडकलात की काय? ट्रक पाठवू?”

“नको. काम झालं. निघतोय.”

“अरे वा! हौद्यात काय घेतलंय येताना?”

“काही ना—”

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. खड्डा नव्हता, गतिरोधकही नव्हता, तरी वाक्य मध्येच तुटलं.

ग्रॅमने घसा साफ केला आणि सांगितलं. शेवटच्या ग्रॅमपर्यंत.

संध्याकाळी काकूंनी जेवताना दिवा लावला. खिडकीतून खाली पाहिलं.

पिकअप घराबाहेर उभी होती.

हे वाक्य आता धरायला हरकत नाही.