कांताबाईंनी लेथला नावे ठेवली

"तोंड उघडू नको गा, देवा. मशीन पसंत पडली तं जमिनीकडे पाह्यजो. बोलनं माह्याकडे," इतवारीत रिक्षातून उतरताना कांताबाईंनी आपल्या मुलाला बजावले.

देवराव पाचपावलीत पलंगाचे पाय आणि पाळण्याचे खुंट कातून देई. परंतु दुसऱ्याच्या लेथवर, आणि तीही मालकाचे काम आटोपल्यावर मिळे. गिऱ्हाइकाची मुलगी सासरी जाई आणि तिच्या लग्नाचा पलंग मागाहून तयार होई. स्वतःचे यंत्र असेल तरच यापुढे काम मिळेल, असे फर्निचरच्या दुकानदाराने परवाच सुनावले होते. नव्या यंत्राचे नाव काढण्याची सोय नव्हती. इतवारीतले वृद्ध नत्थूजी मात्र आपली जुनी लेथ विकत होते, आणि त्यांनी सांगितलेली रक्कम कांताबाईंच्या पदराच्या गाठीत कशीबशी जमली होती. तथापि सांगितल्या किमतीला वस्तू घेणे त्यांच्या तत्त्वात बसत नसे. यथेच्छ निंदा केल्यावाचून त्यांनी आजवर भरताचे वांगेसुद्धा घेतले नव्हते.

नत्थूजींनी सागाचा तुकडा चढवून मोटार सुरू केली. रेशमासारखी साल सरसर उडू लागली. देवराव निमूटपणे जमिनीकडे पाहू लागला. कांताबाई सरसावल्या.

"काहून एवढी घरघर करून राहिली? दम्याच्या म्हाताऱ्यावानी!"

"मोटार हाय बाई, आवाज करनच."

"आन हा पट्टा? पार झिजला. तुटून पोराची बोटं गेली म्हंजे?"

नत्थूजींचा चेहरा उतरला. त्यांनी मोटार बंद करून डोक्यावरची टोपी हातात घेतली. "बाई, डोळे उघडले तुम्ही माहे. असली मशीन कोनाच्या लेकराले देनं पाप हाय. भंगारात घालतो."

"तसं नाही. थोडे पैसे कमी करा..."

"आता फुकटही देनार नाही! ओ ठेलेवाले, इकडे या!"

एक धिप्पाड माणूस हातठेला घेऊन दारात उभा राहिला. त्याने बाह्या सारून लेथला हात घातला.

"माय!" देवराव कळवळला.

बोललेला शब्द मागे घेण्याची वेळ कांताबाईंवर उभ्या जन्मात आली नव्हती. "थांबा नत्थूजी. आवाज तसा बरा हाय."

"दम्याचा म्हनलं तुम्ही."

"दमेकरीच लई वर्षं जगतात!"

"आन पट्टा?"

"झिजला नाही, रुळला. सून रुळते घरात, तसा."

"पोराची बोटं?"

"पोरगं माह्यं, बोटंही माह्यीच! सांगितले तेवढे पैसे घ्या, पन त्या मानसाले बाजूले करा!"

गाठ सुटली. मन मानत नसल्याचे वारंवार सांगत नत्थूजींनी अखेर पैसे घेतले.

त्याच ठेल्यावर लेथ पाचपावलीकडे निघाली. देवराव तिच्यावर हात ठेवून चालत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून कांताबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला.

"वाचलो गा देवा," त्या म्हणाल्या. मग ठेलेवाल्याकडे वळून, "दादा, तुमचं भंगार हुकलं. राग मानू नका."

"कायचं भंगार?" तो गोंधळला. "माह्या सासऱ्यानं तं सकाळीच सांगतलं, भैयाजी, मशीन पाचपावलीले पोचवायची हाय, ठेला तयार ठेवजा."

"सासरे कोन तुमचे?"

"हेच की, नत्थूजी."

देवरावाने भीत भीत आईकडे पाहिले. गोळीबार चौकात पदर सावरून कांताबाईंनी अत्यंत गंभीरपणे विचारले,

"भैयाजी, तुमचे सासरे येत्या रविवारी रिकामे हायेत का? आमाले एक जुनी शिलाई मशीन विकाची हाय. बोलनं त्यायच्याकडे."